बंगळूरुहून पुण्याला : मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. शाळा-कॉलेजचे कसे ठरवावे?

तुंगभद्रा

नमस्कार. येत्या मे महिन्यात आमचे बिऱ्हाड बंगळूरुहून पुण्याला हलणार आहे. माझ्या यजमानांची त्यांच्या कंपनीने हिंजवडीच्या कार्यालयात बदली केली असून तसे पत्रही हाती आले आहे. आम्ही दोघे मूळचे कोल्हापूरचे, मुलीचा जन्मही तिथलाच. पण ती पहिलीत गेल्यापासून आम्ही बंगळूरुत आहोत. ती आता सीबीएसईच्या नववीत आहे, म्हणजे एप्रिलपासून तिची दहावी सुरू होईल. मुलगा चौथीत आहे. घरात मराठीच बोलतो, त्यामुळे दोघांचे बोलणे उत्तम आहे, मात्र धाकट्याला मराठी वाचताना अजूनही ओळीखाली बोट ठेवावे लागते.

वाकड, बाणेर, औंध या पट्ट्यात राहण्याचा विचार आहे. माझे प्रश्न असे : मुलीला सीबीएसईतच ठेवावे की पुढे अकरावी महाराष्ट्रातच करायची असल्याने आताच राज्य मंडळाच्या शाळेत घालावे? अकरावीसाठी चांगली कनिष्ठ महाविद्यालये घरापासून किती लांब पडतील? आणि मुलासाठी शाळा निवडताना नेमके काय पाहावे? मुलीचा कल वैद्यकीय शाखेकडे आहे, निदान सध्या तरी.

सह्यकडा

शाळा आधी ठरवा आणि घर नंतर, एवढेच सांगेन. वाकड ते बाणेर हे अंतर नकाशावर किरकोळ दिसते, परंतु हिंजवडीची वाहतूक सुटण्याच्या वेळी शाळेची बस त्याच रस्त्यावर असेल तर मूल घरी येऊन दप्तर टाकते आणि जेवणाआधीच झोपते. घर बदलता येते; वर्षाच्या मध्यात शाळा बदलणे फार त्रासाचे असते.

नीलमोहर

सह्यकडा, तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. मुलगी पुढच्याच वर्षी अकरावीत जाणार आहे. फर्ग्युसन, स. प., गरवारे, मॉडर्न ही सारी नावाजलेली महाविद्यालये डेक्कन, शिवाजीनगर आणि टिळक रस्त्याच्या परिसरात आहेत. दहावीच्या एका वर्षासाठी वाकडला घर विकत घेतले आणि कॉलेज मिळाले टिळक रस्त्यावर, तर काय करणार? पहिले वर्ष भाड्याने राहावे, अकरा महिन्यांचा करार करावा, आणि अकरावीची यादी लागल्यावरच कायमच्या घराचा विचार करावा. मेट्रो आता पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी अशी धावते, त्यामुळे स्थानकाजवळचे घर हा सोयीचा मध्यम मार्ग ठरेल.

कोरा_कागद

यजमानांना कार्यालयाजवळ, मुलीला कॉलेजजवळ आणि मुलाला शाळेजवळ घर द्यायचे तर तीन भाडेकरार करावे लागतील. मालक मंडळी आनंदाने तयार होतील.

खडूफळा

मी पिंपरी-चिंचवड भागात माध्यमिक शाळेत शिकवतो आणि प्रवेशाचे कामही अनेक वर्षे पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घर आणि अंतर हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच, पण त्यांच्याआधी मुलीच्या इयत्तेचा विचार करायला हवा. सीबीएसईत नववी आणि दहावी हा एकत्रित अभ्यासक्रम मानला जातो व विद्यार्थ्याची नोंदणी नववीतच होते. दहावीत थेट प्रवेश हवा असेल तर नववी सीबीएसईच्याच शाळेतून उत्तीर्ण झालेली असावी लागते, आणि पालकांची बदली किंवा तत्सम कारण दाखवून मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हा अर्ज पालक स्वतः करत नाहीत, नवी शाळा करते. बदलीचे पत्र, नववीचे प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला आणि नव्या पत्त्याचा पुरावा ही कागदपत्रे त्यासोबत लागतात. बंगळूरु आणि पुणे ही मंडळाची दोन वेगळी प्रादेशिक कार्यालये असल्याने अर्ज मुदतीत गेला पाहिजे. दहावीत मूल घ्यायला बऱ्याच शाळा उत्सुक नसतात, कारण निकाल त्यांच्या नावावर लागतो. म्हणून फोनवर नकार मिळाला तरी खचून जाऊ नका. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून पत्र दाखवा.

राज्य मंडळाचा विचार मुलीच्या बाबतीत सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गणित आणि विज्ञान यांच्या प्रत्येकी चाळीस गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका, तीन भाषा, इतिहास-भूगोलाची वेगळी मांडणी, ही सारी रचना तिला एका वर्षात नव्याने शिकावी लागेल. अकरावीच्या प्रवेशात दोन्ही मंडळांची मुले एकाच गुणवत्ता यादीत येतात, त्यामुळे केवळ अकरावीसाठी मंडळ बदलण्याचे काही कारण नाही.

एक प्रश्न विचारतो, कारण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. मुलीची दुसरी भाषा कोणती आहे?

बिऱ्हाड_पाठीवर

माझे यजमान सैन्यात होते, त्यामुळे आमच्या मुलांनी शाळा इतक्या पाहिल्या की त्यांना प्रत्येक शाळेची प्रार्थना पाठ असे. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात बदली झाली की प्रवेशाचा प्रश्न सहसा येत नाही, परंतु ही सोय प्राधान्याने बदलीच्या केंद्रीय नोकरीतल्यांसाठी आहे. खासगी कंपनीतल्या पालकांनी त्यावर विसंबून राहू नये.

मुले रुळतात. मोठ्यांना वाटते त्याहून लवकर रुळतात. मात्र त्यांना त्यांच्या वयाचे एक तरी मूल आधीच ओळखीचे असावे. ज्या सोसायटीत घर घ्याल तिथली मुले कोणत्या शाळेत जातात, ते सुरक्षारक्षकाला विचारा. सकाळी कोणत्या शाळेच्या किती बस फाटकाशी थांबतात, हे त्याला शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त ठाऊक असते.

नाडीपरीक्षा

मूळ लेखात एक वाक्य सहज येऊन गेले आहे आणि कोणीही त्याच्याकडे पाहिलेले नाही : "मुलीचा कल वैद्यकीय शाखेकडे आहे." तुंगभद्रा, तुमच्या साऱ्या निर्णयाचे मूळ त्या वाक्यात आहे.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. महाराष्ट्राच्या या ८५ टक्क्यांत बसण्यासाठी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर तीन गोष्टी लागतात : विद्यार्थ्याचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र, बारावी महाराष्ट्रातून, आणि दहावीसुद्धा महाराष्ट्रातून. शेवटची अट पालकांना फार उशिरा कळते. केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी आणि संरक्षण दलातील व्यक्ती यांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण कंपनीने केलेली बदली त्यांत बसत नाही. मंडळ कोणतेही असो, सीबीएसई चालते. शाळा मात्र महाराष्ट्रातील हवी.

"मुलीचे महत्त्वाचे वर्ष आहे, दहावी बंगळूरुतच होऊ द्या आणि मग या," असा सल्ला तुम्हाला नातेवाइकांकडून मिळणार हे मी आताच सांगतो. सल्ला प्रेमाचा असेल, पण त्याने शासकीय महाविद्यालयांची मोठी दारे बंद होतील. मग अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी महाविद्यालयांतील संस्थात्मक कोटा एवढेच उरते, आणि शेवटच्या दोहोंचे शुल्क नोकरदाराच्या आवाक्यातले नसते.

सह्यकडा

हा नियम मला माहीत नव्हता. म्हणजे घर आणि शाळा यांच्याही आधी दहावी.

तुंगभद्रा

नाडीपरीक्षा, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या घरात अगदी तोच सल्ला चालू होता : यजमानांनी पुढे जावे, मी मुलांना घेऊन एक वर्ष इथे थांबावे, आणि मुलीची दहावी झाली की सर्वांनी यावे. सासूबाईंनी तर त्यासाठी इथे येऊन राहण्याची तयारीही दाखवली आहे.

खडूफळा सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर : तिची दुसरी भाषा कन्नड आहे. हिंदी तिने आठवीपर्यंत तिसरी भाषा म्हणून शिकली.

खडूफळा

मला याचीच शंका होती. नववीत घेतलेल्या विषयांनीच दहावीची परीक्षा द्यायची असते. सीबीएसईच्या विषयांच्या यादीत कन्नड आहे, त्यामुळे परीक्षा देण्याला तत्त्वतः अडचण नाही. अडचण अशी की पुण्यातील शाळेत कन्नडचे शिक्षक नसतात. शाळेने स्वयंअध्ययनाची जबाबदारी तुमच्यावर टाकून मंडळाकडून मान्यता मिळवली तर मार्ग निघतो. दुसरा पर्याय विषयबदलाच्या अर्जाचा आहे, मात्र दोन वर्षांचे हिंदी एका वर्षात करणे कितपत शक्य आहे, हे मुलीनेच सांगावे. प्रवेश घेण्याआधी शाळेकडून या एका मुद्द्याचे लेखी उत्तर घ्या. "नंतर बघू" असे उत्तर मिळाले तर ती शाळा सोडून द्या.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय अनिवार्य झाला आहे. थेट दहावीत बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत शाळा तो कसा हाताळणार, हेही त्याच पत्रात विचारून ठेवावे.

मोगरा_७

मुलीला विचारले का?

अर्धविराम

मोगरा_७ यांच्या तीन शब्दांना माझे अनुमोदन. इथे सर्वजण नियमांवर बोलत आहेत आणि ते उपयोगीही आहे, परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा "सध्याचा कल" हा कितपत भक्कम पाया आहे? माझ्या भाचीला नववीत डॉक्टर व्हायचे होते, अकरावीत तिने वाणिज्य शाखा घेतली आणि आज ती लेखापरीक्षणात रमली आहे. एका शक्यतेसाठी दहावीच्या वर्षात मैत्रिणी, शिक्षक, भाषा आणि शहर असे सगळे एकदम सोडायला लावणे मला योग्य वाटत नाही. गुण घसरले तर त्याची किंमत मुलगीच मोजणार.

नाडीपरीक्षा

अर्धविराम, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तरीही माझे मत बदलत नाही. शाखा बदलण्याचा हक्क तिला अकरावीत आहेच. मात्र दहावी कोणत्या राज्यातून झाली, ही गोष्ट पुढे कधीही बदलता येत नाही. दहावीच्या गुणांचे म्हणाल तर नीटच्या गुणवत्ता यादीत ते मोजलेच जात नाहीत. त्यांचा उपयोग अकरावीच्या प्रवेशापुरता.

अर्धविराम

अकरावीच्या प्रवेशापुरता म्हणजे काही थोडा नव्हे, डॉक्टरसाहेब.

दक्खनचा_वारा

अभियांत्रिकीचा मुद्दा राहून गेला म्हणून लिहितो. आम्ही इंदूरहून नाशिकला आलो तेव्हा मुलाची दहावी तिकडे झालेली होती. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत नियम वैद्यकीयइतका कडक नाही. उमेदवाराकडे किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एकाकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असेल तर तो 'टाइप बी' या उमेदवार-प्रकारात महाराष्ट्राच्या जागांसाठी पात्र ठरतो. म्हणजे मुलगी उद्या अभियांत्रिकीकडे वळली तर दहावी कुठे झाली याने आभाळ कोसळणार नाही. मात्र राखीव प्रवर्गाचा लाभ हवा असेल तर जातीचा दाखला महाराष्ट्राचा लागतो आणि जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो; ते काम अकरावीत असतानाच सुरू करावे.

पाटीपेन्सिल

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. या धाग्यावरील चर्चा वाचताना वाटले की स्थलांतराचा आणखी एक प्रकार इथे नोंदवायला हवा.

आमच्या वर्गातील कितीतरी मुले दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की परततात. त्यांच्या पालकांना शाळा निवडायची नसते, फडाजवळची जी असेल तीत मुलाला बसू द्यावे एवढीच अपेक्षा असते. अशा मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याने काय शिकले याची नोंद असते, जेणेकरून तिथल्या शिक्षकाला त्याला योग्य वर्गात बसवता येईल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी स्पष्ट तरतूद आहे की मूल दुसऱ्या शाळेत जाऊ लागल्यास आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यावा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये. (अनुदानित किंवा शासकीय शाळेत बदलून जाण्याचा हक्क यात आहे, विनाअनुदानित खासगी शाळेवर हक्क सांगता येत नाही, हा फरक लक्षात असावा.) वर्षाच्या मध्यात आले म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही. तुंगभद्राताई, तुमच्या धाकट्यासाठी शेजारच्या महानगरपालिकेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेचाही एकदा विचार करा. वाचताना बोट ठेवणारे मूल मराठी माध्यमात एका सहामाहीत बोट उचलते, हे मी पाहिलेले आहे.

नीलमोहर

पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मात्र चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला पाचवीत मराठी माध्यमात नेले तर गणित आणि परिसर अभ्यास यांची सारी परिभाषा बदलते. बोलता येणे वेगळे आणि "लघुतम साधारण विभाज्य" कळणे वेगळे. त्यापेक्षा माध्यम इंग्रजीच ठेवून मराठी विषय चांगला शिकवणारी शाळा शोधावी.

पाटीपेन्सिल

लसावि आमच्या इंग्रजी माध्यमातल्या भाच्यालाही कळत नाही, त्याला ते एलसीएम म्हणून कळत नाही एवढाच फरक आहे. पण तुमचा मुद्दा योग्य आहे. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षेला बसावे लागते, तेव्हा माध्यम बदलायचे असेल तर मुलाची तयारी पाहूनच बदलावे.

चिमणीचे_घर

विषयाला धरूनच एक छोटा प्रश्न. आम्ही दिल्लीहून मुंबईला येत आहोत. मुलाला ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होतील. तिथे ३१ मार्चची अट आहे, म्हणून त्याला पहिली मिळत नव्हती. महाराष्ट्रात मिळेल का?

खडूफळा

मिळेल. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे पुरेसे आहे. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चचीच अट लागू होईल. पुन्हा दुसऱ्या राज्यात बदली होण्याची शक्यता असेल तर घाई करू नये, असे सुचवेन. वर्गात सर्वांत लहान असलेले मूल पुढच्या राज्याच्या नियमात अडकते.

कावेरीकाठ

मी बंगळूरुत राहते, त्यामुळे नाण्याची दुसरी बाजू मांडते. नाडीपरीक्षा यांनी "दारे बंद होतील" असे लिहिले, ते महाराष्ट्रापुरते खरे आहे. कर्नाटकाच्या राज्य कोट्यात येण्याचा एक मार्ग असा आहे की विद्यार्थ्याने पहिली ते बारावीपैकी किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. तुंगभद्रा, तुमची मुलगी पहिलीपासून इथे आहे. तिने दहावी इथूनच दिली तर बारावी पुण्यातून करूनही ती कर्नाटकाच्या जागांसाठी अर्ज करू शकेल. उलट, दहावीही पुण्यातून दिली तर हा हक्क जाईल आणि महाराष्ट्राचा मिळेल. म्हणजे प्रश्न दार उघडे की बंद असा नसून कोणत्या राज्याचे दार हवे असा आहे. प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका दोन्ही राज्यांची वाचावी, कारण अटींचे बारकावे बदलत असतात.

नाडीपरीक्षा

कावेरीकाठ, फार महत्त्वाची भर घातलीत. आता तुलना खरी होईल. तरीही माझा कौल महाराष्ट्रालाच आहे : कुटुंब पुण्यात असेल, मुलीची अकरावी-बारावी पुण्यात होईल, आणि राज्य कोट्यातून जागा मिळाली तर निदान ती त्याच राज्यात असेल. अधिवास प्रमाणपत्र मुलीच्या स्वतःच्या नावाचे लागते. तिचे शालेय आयुष्य बाहेर गेल्याने तहसील कार्यालयात वास्तव्याबद्दल प्रश्न विचारले जातील, तेव्हा कोल्हापूरचा तिचा जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि घराचे जुने कागद आताच एका फाइलमध्ये एकत्र करा.

अर्धविराम

कावेरीकाठ यांच्या प्रतिसादानंतर माझा आक्षेप अधिक बळकट झाला आहे. एक वर्ष थांबले तरी मुलीचे नुकसान होत नाही, एवढे तरी आता सर्वांनी मान्य करावे.

दक्खनचा_वारा

अर्धविराम, मुलीचे होत नसेल. पण धाकट्याचे वर्ष, नवऱ्याचे एकट्याने राहणे आणि दोन घरांचा खर्च कोणी मोजायचा? आमच्याकडे असे एक वर्ष झाले आहे. मुलाचे गुण उत्तम आले, आणि वर्षभर वडिलांशी त्याचे बोलणे फक्त "अभ्यास झाला का" एवढेच राहिले.

सह्यकडा

अकरावीच्या प्रक्रियेबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन होतात. त्याआधी ते मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरतेच होते. अर्जात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर बसावे लागते. म्हणून जिथे रोज जाणे जमणार नाही, असे नाव केवळ प्रतिष्ठेसाठी पहिल्या क्रमांकावर लिहू नये. शाळेलाच कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर संस्थांतर्गत कोट्यातील १० टक्के जागांचा लाभ मिळतो, हाही शाळा निवडतानाचा एक निकष ठरू शकतो.

मोगरा_७

आणि ज्या कॉलेजात विद्यार्थी फक्त प्रात्यक्षिकांना जातात आणि दिवसभर खासगी शिकवणीत बसतात, तिथे अंतराचा प्रश्नच उद्भवत नाही.

नाडीपरीक्षा

हे विनोदाने लिहिले असले तरी नीटच्या नावाखाली तेच सर्रास विकले जाते. नव्या शहरात आलेल्या मुलीला तर कॉलेजची अधिक गरज आहे. ओळखी वर्गात आणि प्रयोगशाळेत होतात. शिकवणी लावायची असेल तर कॉलेज सुटल्यावरची लावावी.

तुंगभद्रा

सर्वांचे मनापासून आभार. मोगरा_७, मुलीला विचारले. या धाग्याचे तिने स्वतः वाचन केले आणि तिचे पहिले वाक्य असे होते की कन्नड तिला सोडायचे नाही, कारण त्यात तिला वर्गात सर्वाधिक गुण आहेत. वैद्यकीयबद्दल ती ठाम आहे की नाही, हे तिलाही सांगता येत नाही. मात्र बाबा पुण्यात आणि आपण इथे, ही कल्पना तिला अजिबात आवडलेली नाही.

मागच्या आठवड्यात यजमान पुण्याला जाऊन तीन शाळांत भेटून आले. एका शाळेने दहावीत जागा नाही असे सांगितले. दुसरीने कन्नडचे नाव काढताच हिंदी घ्यायला लावू असे परस्पर ठरवून टाकले. तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बदलीचे पत्र नीट वाचले, कन्नडच्या स्वयंअध्ययनासाठी मंडळाकडे विचारणा करू असे सांगितले आणि तसे ईमेलही पाठवले. शाळा फार मोठी नाही, मैदान बेताचे आहे, पण मुलालाही पाचवीत तिथेच जागा आहे आणि मराठीच्या शिक्षिका त्याला पहिली सहामाही शाळा सुटल्यावर वेगळा वेळ द्यायला तयार आहेत. मंडळाचा होकार आला तर सर्वांनी एकत्र यायचे, नाही आला तर मुलीने दहावी इथेच करायची, असे घरात ठरले आहे. कावेरीकाठ, तुमच्यामुळे या दुसऱ्या पर्यायाची भीती उरलेली नाही.

खडूफळा सर, आता एकच विचारते : इथल्या शाळेतून निघताना कोणते कागद राहून जातात?

खडूफळा

तिसरी शाळा योग्य वाटते. मैदानाची उणीव सोसायटीत भरून निघेल.

कागदांबद्दल. दोन्ही मुलांचे दाखले वार्षिक निकाल लागल्यावरच घ्या आणि ते शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या प्रतिस्वाक्षरीसह घ्या. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या दाखल्यावर ती मागितली जाऊ शकते आणि पुण्यात बसून मिळवणे कठीण जाते. दाखल्यावर नाव कसे छापले आहे ते पाहा. तिकडे बऱ्याचदा वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते, आपल्याकडे आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव पूर्ण लागते. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला या तिन्हींवरील नाव एकसारखे नसेल तर दुरुस्ती जुन्या शाळेतच करून घ्या. मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर नववीच्या नोंदणीतलेच नाव येणार आहे. दाखल्यावर जन्मस्थळाची जागा असेल तर तिथे कोल्हापूर, तालुका आणि जिल्ह्यासह लिहून घ्या, अधिवासाच्या कामी उपयोग होईल.

शेवटची गोष्ट यूडायसची, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीची. प्रत्येक मुलाला एक कायम शैक्षणिक क्रमांक असतो, तो दोघांचाही लिहून घ्या. जुन्या शाळेने मुलाची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे त्या प्रणालीतील शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय नव्या शाळेला ती आपल्याकडे ओढता येत नाही, आणि मे महिन्यात शाळेच्या कार्यालयात फोन उचलायला कोणी नसते. दाखला हातात पडला की लगेच निघू नका. लिपिकाला तुमच्यासमोर दोन्ही नोंदी टाकायला सांगा आणि पडद्यावर दिसल्यावरच खुर्चीवरून उठा.